हिरव्या बांगड्यांचा फोटो

"यातला कुठला कॅमेरा काळा-पांढरा फोटो चांगला काढतो?"

विचारणाऱ्याच्या छत्रीचं पाणी थेट काचेच्या काउंटरवर गळत होतं. रंजिताने आधी छत्रीकडे रोखून पाहिलं, मग त्याच्याकडे. पनवेलच्या लाइन आळीतलं हे भाड्याने कॅमेरे देणारं दुकान. लग्नांच्या सीझनला इथे पाय ठेवायला जागा नसे, पण मालक अवधूतशेठनी हौसेने आणलेले दोन डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरे, हाताने फोकस जुळवायचे, कपाटात धूळ खात पडलेले. त्यांची चौकशी करणारा हा पहिलाच वीर.

"हा फक्त काळा-पांढराच काढतो. रंग त्याला कळतच नाही," ती म्हणाली. "सावल्या मात्र सुरेख येतात. दुसरा काळा-पांढरा दाखवतो, पण आत रंग जपून ठेवतो. हवा तर नंतर काढता येतो."

"मंग पयला द्या. रंग कलत नाय, तो आपलाच मानूस."

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली.

हा प्रितम उरणकडच्या कोळीवाड्यातला, बंदरावर नोकरीला. सुट्टीला यायचा, कधी हा कॅमेरा न्यायचा, कधी तो, आणि मग दोघांचे फोटो शेजारी-शेजारी लावून वाद घालत बसायचा. ओहोटीचा चिखल, जाळी शिवणारे हात, ओसाड मिठागरं... रंजिता विचुंब्याची, आजोबांनी जन्मभर मीठच पिकवलेलं. त्याच्या फोटोतलं करडं मीठ पाहून तिला गलबलून यायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. पुढचा शब्द मात्र स्वारीच्या तोंडून निघेना.

श्रावणात भामाआत्याने स्थळ आणलं. मुलाकडच्यांनी पसंती कळवली, सोबत हिरव्या बांगड्या पाठवल्या. आता फक्त हिचा होकार हवा होता. रंजिताने एक दिवस मागून घेतला. नेहमीच्या लाल बांगड्या उतरवून हिरव्या घातल्या आणि दुकानात जाऊन बसली. आता तरी विचारेल... विचारायलाच हवं त्याने.

प्रितम आला. "हलू नको," म्हणत त्याने दोन्ही कॅमेऱ्यांनी तिचा फोटो काढला. हनुवटीखाली हात, निळी ओढणी.

"कॅमेऱ्याच्या खिडकीत आधी दोन-दोन रंजिता दिसतान," तो हसत म्हणाला. "त्या एकीवर एक आनायच्या, मंग फोकस."

"हातात काय आहे, ते बघ ना..." शेवटी ती म्हणालीच.

"बांगड्या. चांगल्या दिसतान."

एवढंच. त्या संध्याकाळी रंजिताने घरी होकार दिला आणि उशीत तोंड खुपसून रडली. त्याचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

साखरपुडा उरकल्यावर तो आला, तिचा फोटो मोठा करून, फ्रेममध्ये घालून.

"रंजू, मना बोलाया जमत नाय. पन... माज्याशी लगीन करशील?"

"साखरपुडा झाला माझा, प्रितम," ती म्हणाली. "त्या दिवशी हिरव्या बांगड्या घालून बसले होते तुझ्यासमोर. एक शब्द बोलला असतास, तर घरी नाही म्हणून सांगितलं असतं मी."

"हिरव्या?" तो गोंधळला. "लालच होत्या ना... नेहमीच्या?"

ती बघतच राहिली.

"लाल न् हिरवा, मना एकच दिसतो," तो खाली मान घालून म्हणाला. "त्यापायीच जहाजाच्या नोकरीला नापास केला. तुला सांगितला व्हता की, पयल्याच दिवशी."

रंजिताने कॉम्प्युटर सुरू केला. दुसऱ्या कॅमेऱ्यातला फोटो उघडला आणि आत जपलेला रंग बाहेर काढला. निळी ओढणी, सावळा हात, हिरव्यागार बांगड्या. प्रितम पुढे वाकला.

"ओढनी निली दिसते," तो म्हणाला. "बांगड्या हिरव्या दिसतान का?"

"दिसतात."

त्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि मान हलवली. तिने त्याचं बोट धरलं, पडद्यावर नेऊन ठेवलं.

"ह्या," ती म्हणाली. "ह्या हिरव्या..."

ते बोट तिने सोडलं नाही, आणि त्यानेही काढून घेतलं नाही. मग दारात गिऱ्हाईक आलं.