डाव्या घडीच्या पुड्या

दुपारी चादर बदलायला म्हणून तिनं अण्णांची गादी उचलली, तर खाली ओळीनं अकरा पुड्या.

सकाळपासून तिचं डोकं तापलेलंच होतं. धाकट्या भावानं फोनवरून अक्कल पाजळली होती, "ताई, अण्णा रात्रभर फिरतात तर संध्याकाळची गोळी वाढव की! त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं म्हणे! सहा वर्षांत चार दिवस राहायला आला नाही, आणि डोस सांगतोय.

अण्णांना स्मृतिभ्रंश. सकाळी पिवळी गोळी, विसरणं जरा लांबवणारी. संध्याकाळी पांढरी, गप्प बसवणारी. ती घेतली की अण्णा भिंतीकडे बघत ओंडक्यासारखे पडायचे. तिला, पोटच्या लेकीला, तर ते "बाई, पाणी द्या" म्हणत.

तिनं पुडी उलगडली. आत पांढरी गोळी, कोरडी ठणठणीत. अकराही पुड्यांत तेच.

"अण्णा! हे काय चालवलंय?"

अण्णा चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर. पुडीवर रोग्याचं नाव आणि वय लिहायची त्यांची शिस्त. या पुड्यांवरही होतं: अण्णा, वय एक्याऐंशी. पण वर्षभर त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. आणि गोळी तर ती स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवून वर पाणी पाजायची...

मग तिला घडी दिसली. टोक डावीकडे मुडपलेलं. घरात डावरी एकटी आईच; दवाखान्यात अण्णांना पुड्या बांधू लागायची ती. अण्णा तिला त्यावरून किती चिडवायचे! आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

खोलीत दवाखान्यातल्यासारखा स्पिरिटचा वास आला.

"तिला ओरडू नकोस..." अण्णा कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पुटपुटले. "ती म्हणते, पांढरी घेतली की मी घरात नसतो..."

तिच्या अंगावर काटा आला, पण त्याहून संताप मोठा होता. ती खुर्चीवरच कडाडली, "सहा वर्षं कुठे होतीस गं? हगणं-मुतणं मी काढतेय! आणि ते ओळखतात तुला! मला कोण ओळखणार?"

"चिमणे," अण्णा म्हणाले, "किती चिडतेस गं बाळा."

दोन वर्षांनी ती हाक ऐकली. ती मटकन खाली बसली आणि रडली.

डोळे पुसून तिनं डॉक्टरांना फोन लावला. "अकरा दिवस पोटात गेलीच नाहीये ना? मग आता परत सुरू करू नका," ते म्हणाले. "उद्या घेऊन या, मी तपासतो. आणि वाढवायला सांगितलं कोणी?"

"आहे एक शहाणा," ती म्हणाली.

पांढऱ्या गोळ्या काढून टाकायला तिनं आठवड्याची डबी उघडली. तासाभरापूर्वीच तिनं ती भरली होती. संध्याकाळच्या सातही कप्प्यांतल्या पांढऱ्या गोळ्या गायब होत्या. शेवटच्या कप्प्यात तेवढी एक पुडी, टोक डावीकडे.

आत पिवळी गोळी होती, विसरणं लांबवणारी.

पुडीवर आईचं अक्षर: चिमणी, वय एकावन्न.

तिला अजून अठ्ठेचाळीसावंच चालू होतं.