पाडव्याची सही

उमेदवारी मागे घेण्याची मुदत सोमवारी तीन वाजता संपली. साडेतीनला कोरेगावच्या निवडणूक कार्यालयात निशाणी घ्यायला गेलेल्या वीरधवल जगदाळेला कळलं, की यादीत आपलं नावच नाही.

"तुम्ही माघार घेतलीत," अधिकारी म्हणाले. "तुमच्या सहीचा अर्ज आहे, अधिकारपत्रही आहे. तुमच्या सूचकांनी आणून दिला. आता तो परत फिरवता येत नाही."

सूचक म्हणजे त्याचा सख्खा चुलता, नानासो.

वीरधवलने बोलावल्यावरून मंगळवारी सकाळी सांगलीहून क्रांती बनसोडे गावात आली. खासगी तपासाची कामं करणारी चाळिशीची बाई. सोबत तिचा सहकारी शिवतेज.

"विरोधकांनी चुलता फोडला. सरळ आहे," शिवतेज म्हणाला.

"फोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसून वैरण कापत नाही," क्रांती म्हणाली आणि वीरधवलकडे वळली. "सही तुमचीच?"

"बनावट आहे! मी शाळेची नोकरी सोडून उभा राहिलोय. मी कशाला माघार घेऊ?"

तिने दोन्ही कागदांच्या प्रती पुढे ठेवल्या. "सहीखाली हातानं तारीख घातलीय. दोन नोव्हेंबर. दोन्हींवर."

वीरधवलने पाहिलं. दोनच्या आकड्याची लांब ओढलेली शेपटी. तो आकडा त्याने हजार वह्यांवर काढला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"माझीच आहे," तो पुटपुटला. "पण रोज गठ्ठाभर कागदांवर सह्या करतो. गाड्यांचे परवाने, सभांचे अर्ज. त्यात कुणीतरी सरकवला असणार."

"त्यांवरही तारीख घालता?"

"नाही. ती छापलेलीच असते."

भिंतीला त्याचा मोठा फलक टेकवलेला होता. वर गणवेशातले वडील, खाली अक्षरं: शहीद जवानाचा सुपुत्र.

"वडील कुठल्या आघाडीवर गेले?" क्रांतीने विचारलं.

"सेवेत असताना गेले," वीरधवल जमिनीकडे बघत म्हणाला. हे वाक्य त्याला आता पाठ झालं होतं. वडील रजेवर आले होते आणि कराडजवळ त्यांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती. पहिल्या फलकावर कार्यकर्त्यांनी परस्परच 'शहीद' लिहिलं. उद्या दुरुस्त करू, असं त्याने ठरवलं होतं. सभेत टाळ्या पडल्या आणि तो उद्या आलाच नाही.

नानासो गोठ्यात होते.

"पाकीट ह्यानंच दिलं मला. सोमवारी सकाळी."

"काका, खोटं बोलताय तुम्ही!" वीरधवल ओरडला.

नानासो खाली मानेने वैरण कापत राहिले.

"दिवाळी कशी झाली?" क्रांतीने सहज विचारलं.

"लेकीकडं केली, सांगलीला. चार दीस तितंच हुतो. रविवारी सांजच्याला आलो."

वीरधवलची बायको साक्षी आत पोळ्या लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं. "मला ही निवडणूक नकोच होती, आणि ते मी यांना तोंडावर सांगितलंय. पाठीमागून करायची मला सवय नाही."

"तो सह्यांचा गठ्ठा तुम्हीच आणता ना?"

"आणते. पण पाडव्याला पहाटेच्या गाडीनं मी महाबळेश्वरला गेले, वडिलांचं ऑपरेशन झालंय. यांना ओवाळायलाही थांबले नाही. काल दुपारी आले."

वीरधवलची आई, सुलाबाई, ओट्यावर कागद चाळत बसली होती. शेजारी फराळाचा गच्च भरलेला डबा.

"कसले कागद, आई?" क्रांती शेजारी टेकली.

"पेन्शनचं. नोव्हेंबर लागला न्हवं. ब्यांकेत हयातीचा दाखला द्यायचा."

"आणि डबा?"

"पलीकडच्या आळीत भामाबाई हाय, तिला. तिचा दादला शिमेवर लढताना गेला."

"दिवाळी तर संपली."

"जायाचं झालं न्हाई." सुलाबाईने पदर सारखा केला. "पंचवीस वर्सं झाली, दरसाल लक्ष्मीपूजनालाच देती."

क्रांतीने सगळ्यांना सोप्यात बोलावलं.

"सही कुणी घेतली, एवढाच प्रश्न आहे," ती म्हणाली. "दोन नोव्हेंबर म्हणजे पाडवा. नानासो सांगलीला, साक्षीताई महाबळेश्वरला. सह्यांचा गठ्ठा त्या दिवशी आलाच नाही. शिवाय प्रचाराच्या कागदांवर वीरधवल तारीख घालत नाहीत. मग हातानं तारीख घालायला लावणारा दुसरा कुठला कागद त्या दिवशी समोर आला?"

वीरधवलला पाडव्याची सकाळ आठवली. तो फोनवर बोलत होता. समोर घडी घातलेले कागद होते, सहीपुरती जागा उघडी. पेन्शनचं हाय रं बाळा, वळखीची सही हवी, तारीख बी घाल. त्याने बघितलंही नव्हतं.

त्याने आईकडे पाहिलं.

"नानासो चार दिवस इथे नव्हते, म्हणजे अर्ज त्यांनी दिवाळीआधीच आणून, भरून आईंकडे ठेवला असणार," क्रांती म्हणाली. "सोमवारी त्यांनी तो नेऊन दिला. ते खोटं बोलत होते, पण घाबरून नाही. भावजयीचं नाव त्यांना येऊ द्यायचं नव्हतं."

"पण आईच लेकाचा अर्ज कशाला मागे घेईल?" शिवतेजने विचारलं.

"पंचवीस वर्षं न चुकता जाणारा डबा यंदाच का थांबला, ते विचार. शहिदाच्या बायकोच्या दारात जायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. हा फलक बघ. वीरधवल, मी आघाडी विचारली, तुम्ही 'सेवेत असताना' म्हणालात."

मग सुलाबाईच बोलली.

"कार्यकर्त्यांनी भामाबाईला स्टेजवर बोलावलं. शहिदाच्या लेकाला शहिदाच्या बायकूनं ओवाळायचं म्हणं. मी म्होरंच बसलेली. तिनं ओवाळलं, बाबा. नजर माज्याकडं हुती तिची. तुला दोनदा सांगितलं, त्यो शबुद काढ. तू म्हणालास, निवडणूक झाल्यावर काढतो. तुजा बाप चांगला माणूस हुता. त्याला दुसऱ्याचं मरान कशाला रं लावलंस?"

"मला सांगायचंस तरी, माघार घे म्हणून."

"ऐकलं असतंस?"

वीरधवल नानासोंना काल चावडीसमोर विकला गेलेला म्हणाला होता. तो उठला, चुलत्याचे पाय धरले. नानासोंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पोलिसांत द्यायचंय?" क्रांतीने विचारलं. "फसवून सही घेतली, हे खरं आहे. मी तसं लिहून देईन."

"नको," वीरधवल म्हणाला.

दुपारी तो एकटाच पलीकडच्या आळीत गेला. भामाबाई दारात शेंगा फोडत होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काकी, माझे वडील अपघातात गेले."

"म्हाईत हाय की. मातीला आलती मी."

"मग त्या दिवशी मला ओवाळलंत कसं?"

"तुजी आई म्होरं बसलेली. सभेत तिची मान खाली घालू व्हय?" भामाबाईने सुपातल्या शेंगा हलवल्या. "तुज्यासाठी न्हाई ओवाळलं म्या."

तो पाया पडायला वाकला. तिने पाय आत घेतले.

"हितं नगं. मी एकलीच हाय हितं. तू बोललास ते साऱ्या गावात बोललास."

चौकात पारावर पंधरा-वीस माणसं बसली होती. त्याला पाहताच दोघं-तिघं उठले. "सर, बसा! कोर्टात जाऊ आपण! शहिदाच्या पोराला असं—"

"बसा सगळे," वीरधवल म्हणाला. मग त्याने उभ्यानेच, कुणाच्याही डोळ्यांत न बघता बोलायला सुरुवात केली.

"माझे वडील शहीद नव्हते."