सायकलच्या घंट्या आणि कापलेलं पान

साडेनऊला फोन आला आणि दहाला बारीकराव मालकीणबाईंच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. अकराला कर अधिकारी येणार होत्या.

बारीकराव अंगानं चांगले भरलेले. नाव पडलं ते नजरेमुळे. खासगी तपास हा त्यांचा व्यवसाय, आणि सोबत कायम मेहुणा, ज्याला सगळं दोनदा सांगावं लागे.

मालकीणबाई इथे राहायच्या, पण त्यांचा सायकलच्या घंट्यांचा कारखाना परदेशात होता. आत्यानं उभा केलेला, आता यांच्या नावावर.

"कंपनी तिकडची, मग इथल्या कर खात्याचं काय काम?" मेहुण्यानं विचारलं.

"कंपनी कुठे नोंदवली एवढंच बघत नाहीत," सल्लागारबाई म्हणाल्या. कंपनीचं करांचं काम अकरा वर्षं त्याच बघत होत्या. "ती चालवतं कोण आणि कुठून, तेही बघतात. मोठे निर्णय या टेबलावर होत असतील, तर कंपनी इथलीच धरतात. मग नफ्यावर इथेही कर. म्हणून संचालकांच्या बैठका तिकडेच होतात. ही बैठकांची वही त्याचा पुरावा."

वहीतून मार्चच्या बैठकीचं पान नाहीसं झालं होतं. शिवणीलगत, पट्टी लावून कापल्यासारखं.

"नेमकं दुसऱ्या कारखान्याच्या निर्णयाचं पान," मालकीणबाई म्हणाल्या. "चाळीस माणसं घ्यायचं ठरलंय. दोन्हीकडे कर बसला तर त्यांना काय तोंड दाखवू?"

वही काल संध्याकाळी मॅनेजर घेऊन आले होते. ते तिकडचे संचालकही होते. रात्रभर वही या टेबलावर होती. घरात चौघंच : मालकीणबाई, त्यांचे यजमान, मॅनेजर आणि कामासाठी मुक्कामाला राहिलेल्या सल्लागारबाई.

बारीकरावांनी आधी यजमानांना गाठलं. ते चित्रकलेचे शिक्षक.

"तुमच्याकडे धारदार पाती असतील."

"सात आहेत. कालपासून सगळी बाहेरच्या खोलीत उघड्यावर पडलीत. आणि हो, कारखाना विकून टाक असं मी हिला दहादा म्हटलंय. पण वहीत काय कुठे लिहिलंय, ते मला बापजन्मी सापडणार नाही."

सल्लागारबाई मोजकं बोलल्या. "सकाळी वही तपासायला घेतली, तेव्हा कळलं. मीच आरडाओरडा केला." बोलता बोलता त्यांनी मॅनेजरांपुढे चहा ठेवला. "बिनसाखरेचा आहे."

"तुमची जुनी ओळख?" बारीकरावांनी विचारलं.

"दर मंगळवारी फोन असतो, कामाचा. समोरासमोर कालच भेटलो."

मॅनेजर साठीला टेकलेले. पंखा जोरात फिरत असूनही त्यांनी कोट काढला नव्हता. बोटं निळी झाली होती.

"विमानात पेन गळलं," ते म्हणाले. "अर्ज भरायलासुद्धा शेजाऱ्याचं बॉलपेन मागितलं."

"वही कोण लिहितं?"

"मीच. शाईनं, फक्त उजव्या पानावर. मागची बाजू कोरी." मार्चचं पान त्यांनी तारखेसकट घडाघडा म्हणून दाखवलं. "असं पान होतं, हे मी शपथेवर लिहून देतो."

"आणि त्या पानाच्या मागे?"

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. "मागे काय असणार?"

बारीकरावांनी वही उजेडात तिरकी धरली. कापलेल्या जागेच्या पुढच्या पानावरून बोट फिरवलं. मग आधीच्या पानाच्या मागच्या बाजूवरून. तिथे बोट रेंगाळलं.

"दाब उमटलाय," मेहुणा म्हणाला. "पेन्सिल घासू का? वाचता येईल."

"नको. तो कुठे उमटलाय एवढंच बघायचं होतं."

अकराला वीस मिनिटं असताना त्यांनी सगळ्यांना बसवलं.

"कंपनीचं वाईट करायला कुणी पान घेतलेलं नाही. तसा माणूस ते फाडून मोकळा झाला असता. हे जपून कापलंय. पानाची पुढची बाजू नको होती म्हणून नाही, मागची कुणी वाचू नये म्हणून."

"मागची तर कोरी," मेहुणा म्हणाला.

"होती. उजव्या पानावर लिहिलं तर दाब पुढच्या पानावर उतरतो. पान उलटून मागे लिहिलं तर आधीच्या पानावर. इथे तो आधीच्या पानावर आहे. वहीत सगळीकडे शाईचं पेन, त्याचा दाब पडत नाही. म्हणजे हे बॉलपेननं लिहिलंय. वही विमानात कुणाजवळ होती आणि बॉलपेन कुणी मागून घेतलं, ते आपण ऐकलं."

मॅनेजर जमिनीकडे बघत होते.

"काय लिहिलंय ते मला माहीत नाही आणि कळायला नको. पण जी व्यक्ती अकरा वर्षं फोनवर भेटते आणि तुमचा चहा न विचारता बिनसाखरेचा करते, तीच आज ही वही सगळ्यांदेखत वाचणार होती. इतक्या उकाड्यात कोट अंगावर ठेवायला माणसाला तेवढं कारण पुरतं."

मॅनेजरांनी कोटाच्या आतल्या खिशातून पान काढलं. "पत्र कच्चं लिहीत होतो," ते पुटपुटले. "दुसरा कागद नव्हता. उतरल्यावर नीट उतरवून घेणार होतो. मग धीर झाला नाही."

पान त्यांनी सल्लागारबाईंच्या हातात दिलं. बाईंनी मागची बाजू वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत."

यजमान हसू दाबायला खिडकीकडे वळले.

अधिकारी वेळेवर आल्या. त्यांनी पान कापलेल्या कडेशी जुळवून बघितलं, तिकडच्या दोघा संचालकांच्या सह्या तपासल्या, मॅनेजरांचा जबाब घेतला. "निर्णय तिकडेच झालाय. कंपनी तिकडचीच." मग पान उलटलं, दोन ओळी वाचल्या आणि घाईनं सरळ केलं. "हे माझ्या खात्याच्या कक्षेत येत नाही."

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे कारखान्यात फोन लावून मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे चाळीस जणांना रुजू व्हायचा निरोप दिला.

अधिकारी निघायला उठल्या, तेव्हा सल्लागारबाईंनी त्यांना थांबवलं. "एक माझ्यापुरता प्रश्न. एखादी बाई तिकडे राहायला गेली, तर ती करासाठी इथली रहिवासी राहते का?"

"ते दिवसांवर ठरतं. वर्षातले किती दिवस तिकडे राहणार?"

सल्लागारबाईंनी मॅनेजरांकडे पाहिलं.

"सगळे," त्या म्हणाल्या.