शेजारी धरून ठेवलेली जागा

दिवा राहू दे, गिरिधर. अंधारात सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे. उमरेडचे नत्थूजी माझे स्नेही. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आयुष्यात ते एकच दिवस खोटे बोलले.

सन एकोणीसशे एकोणसत्तर, ऑक्टोबरची चार तारीख, शनिवार. पितृपक्ष चालू होता. नागपुरास कसोटी सामना होता आणि तो पाहावयास नत्थूजी पहाटेच्या मोटारीने निघाले. घरी पत्नी प्रेमिला व तीन वर्षांची जया, दोघीच. दिवेलागणीपर्यंत परततो, असे त्यांनी सांगितले होते.

मैदानात गर्दी अपार. फळीवर ऐसपैस बसता यावे म्हणून नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा शेजारी पसरला. कोणी विचारले की ते सांगत, "देवाजी येऊन राहिले." या नावाचा एकही मनुष्य त्यांच्या ओळखीत नव्हता.

मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "तुमचे देवाजी पायी येऊन राहिले का जी?" आसपासचे हसले. नत्थूजीही हसले. वृद्ध मात्र पुढे वाकून हळूच बोलले, "पितरांचे दिवस हायेत. रिकाम्या जागेवर कोणाले बोलावू नये."

दुपारनंतर ती जागा कोणी विचारीनासे झाले. लोक उन्हात ताटकळत होते, तरीही. नत्थूजींना प्रथम बरेच वाटले. मग रांगेतून वाट काढीत एक मनुष्य आला. नत्थूजींचे गुडघे ओलांडून तो दुपट्ट्यापाशी थबकला आणि त्या रिकाम्या जागेकडे पाहत अदबीने म्हणाला, "जरा पाय घ्या जी."

नत्थूजींनी दुपट्टा ओढला.

दुपट्टा निघेना, कोणी वर बसल्यासारखा...

दुपट्टा तेथेच टाकून ते उठले. परतीच्या मोटारीत एक घामेजलेला लठ्ठ मनुष्य त्यांना चिकटून बसला. त्याचा शेजार त्यांना फार प्रिय वाटला. पण वाटेत चाक बसले. घरी पोहोचेतो साडेनऊ.

प्रेमिलाने दार उघडले. ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला. पोरगी आत्ताच झोपली."

नत्थूजींनी सुस्कारा सोडला.

"तुमचे देवाजी लय चांगले हायेत. दिवेलागणीलेच आले. त्यायनंच थोपटून झोपवलं तिले."

नत्थूजी आत गेले.

कोणी नव्हते.

जया निजली होती. श्वास चालू होता. पण अगदी कडेला... उरलेले अंथरूण मोकळे. त्यांनी तेथे हात ठेवला.

ऊब होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात पळसाच्या पत्रावळीवर भात वाढला. हात जोडून म्हणाले, "जे कोणी असाल, जेवा... अन् जा."

कावळे आले. कौलांवर बसून राहिले. एकही शिवला नाही.

सायंकाळी पत्रावळ अंगणात नव्हती.

ती आत सापडली. जयाच्या अंथरुणाशेजारी. शीतही उरले नव्हते.