शाळेपुढे थांबणारी बस

सावाई बेटावर बसमध्ये जागा नाही असं कधी होत नाही. बाकं भरली की माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात, आणि ज्याच्या मांडीवर बसलो त्याचं नाव-गाव उतरताना विचारतात. त्या दिवशी बोट धक्क्याला लागली आणि फुआतिनो बसमध्ये चढली, तेव्हा तिच्या वाट्याला एका लठ्ठ आजीबाईची मांडी आली आणि तिच्या पोत्याच्या वाट्याला ड्रायव्हरच्या पायाजवळची जागा.

पहिल्याच मोठ्या वळणावर पोतं फाटलं.

खडखडाट करत करवंट्या बाहेर आल्या. लाल, निळ्या, पिवळ्या... एक तर थेट ब्रेकखाली जाऊन बसली. ड्रायव्हरने कशीबशी गाडी थांबवली, वाकून ती करवंटी काढली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"कुणाच्या ह्या?"

"माझ्या," फुआतिनो मांडीवरून म्हणाली.

"बोटीतून आणल्यात?"

"हो. अपियाहून."

ड्रायव्हरने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पार समुद्रापर्यंत, नारळाची झाडंच झाडं होती. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "बरं केलंत, बाई. आमच्याकडे नारळाची फार टंचाई."

सगळी बस हसली. आजीबाईचं पोट हसण्याने हलू लागलं आणि त्याच्याबरोबर फुआतिनोही वरखाली होऊ लागली.

"शिकवायचं साहित्य आहे ते!" ती तशीच हिंदकळत ओरडली. "बारा मापांच्या करवंट्या आहेत. मुलांनी लहानीपासून मोठीपर्यंत ओळीने लावायच्या."

"म्हणजे तुम्ही टीचर?"

"होणार आहे..."

ड्रायव्हरने मग घाई केली नाही. एकेक करवंटी गोळा केली, पुढच्या फळीवर लहानीपासून मोठीपर्यंत ओळ लावली, आणि शेवटी म्हणाला, "अकराच भरतात. बारावी सापडली की शाळेत आणून देतो." ती बारावी त्याच्याच सीटखाली होती, आणि त्याला ती तेव्हाच दिसली होती. पण हे त्याने पुढे पुष्कळ दिवसांनी कबूल केलं.

त्याचं नाव अलापाती.

फुआतिनो बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेत होती. पुस्तकं झाली, पेपर झाले, आता एका खऱ्या बालवाडीत बारा आठवडे शिकवायचं राहिलं होतं. शेवटच्या आठवड्यात अपियाच्या कॉलेजातून तिला शिकवणाऱ्या तुइलोमाबाई यायच्या, सकाळभर बसून बघायच्या आणि पास की नापास ते ठरवायच्या. पास झाली तर गावची बालवाडी तिच्याकडेच राहणार होती. नापास झाली तर ऑकलंडच्या आत्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. आत्या दर रविवारी फोन करायची आणि चादरी किती पांढऱ्या असतात ते सांगायची.

बालवाडी चर्चच्या आवारातल्या फालेत भरायची. फाले म्हणजे खांब आणि वर छप्पर. भिंत नाही, दार नाही. पावसाची सर आली की झावळ्यांचे पडदे सोडायचे, गेली की वर गुंडाळायचे. समोरच्याच फालेत गावच्या बायका चटया विणत बसत. त्यांच्या मधोमध असायच्या पाद्रीबुवांच्या पत्नी, पाद्रीबाई सिएनी, ज्यांच्या घरी फुआतिनो उतरली होती. त्यांचे हात चटईवर असत आणि डोळे बालवाडीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारावी करवंटी घेऊन अलापाती आला. सोबत त्याची भाची लोसा होती. चार वर्षांची, पुढचा एक दात नसलेली.

"छप्पर खाली आहे, टीचर. डोकं सांभाळा," तो म्हणाला आणि स्वतःच डोकं आपटून घेतलं.

फुआतिनो हसली. झालं. त्यानंतर तो रोज येताना तेच वाक्य म्हणू लागला, आणि ती रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसू लागली. बाहेर बस धडधडत उभी असायची. आतले उतारू आधी खोकायचे, मग हाका मारायचे, मग कुणीतरी पुढे जाऊन हॉर्न वाजवायचं.

तिसऱ्या आठवड्यात फुआतिनोने पुस्तकातला प्रयोग करायला घेतला. दोन सारख्या ग्लासांत सारखाच कोको ओतला. बाहेर बारीक पाऊस होता, पडदे अर्धे सोडलेले होते, आणि कोकोचा कडवट गोड वास फालेभर पसरला होता. अलापाती पावसाचं निमित्त करून खांबाला टेकून उभा होता.

"लोसा, कोको कशात जास्त आहे?"

"सारखा आहे."

मग तिने एका ग्लासातला कोको एका उंच, अरुंद ग्लासात ओतला. "आणि आता?"

"सारखा."

"नीट बघ हं. कशात जास्त आहे?"

लोसाने कोकोकडे पाहिलंच नाही. तिने टीचरच्या तोंडाकडे पाहिलं. "उंचात," ती म्हणाली.

फुआतिनोने उसासा टाकून वहीत लिहिलं, 'मूल अजून दिसण्यावर जातं. समज आलेली नाही.'

"खोडा ते," खांबाजवळून आवाज आला.

"तुम्हाला काय कळतं हो यातलं?"

"पुस्तकातलं काही नाही. पण तिने आधी दोनदा बरोबर सांगितलं. तुम्ही परत विचारलंत."

"खात्री करायला!"

"आमच्या घरी मोठ्या माणसाने तेच परत विचारलं की समजायचं, पहिलं उत्तर आवडलेलं नाही. मग पोर दुसरं देतं. तुमच्या घरी काय करतात?"

फुआतिनोला तिचे बाबा आठवले. 'डुकरांना खायला घातलंस?' एवढ्या एका प्रश्नाला तिने लहानपणी एका दमात तीन वेगवेगळी उत्तरं दिली होती. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडेही... हेच."

"मग पुस्तकवाला?"

"पुस्तकवाल्याला आमचे बाबा माहीत नव्हते," ती म्हणाली, आणि मग दोघं अशी हसत सुटली की समोर चटया विणणारे हात थांबले.

"लोसा," तिने डोळे पुसत विचारलं, "तू कोणता ग्लास पिशील?"

"छोटा. उंच पाद्रीबुवांना द्या."

"का गं? ते मोठे म्हणून?"

"त्यात मुंगी पडलीये."

त्या दिवसापासून फुआतिनो प्रश्न कमी विचारू लागली आणि बघू लागली जास्त. निरीक्षणाचा नियम सोपा होता. जे दिसेल तेच लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. एका संध्याकाळी पाद्रीबाईंनी वही उघडून मोठ्याने वाचलं, "'आठ वाजून दहा मिनिटं. लोसा आली. मामाने निळा शर्ट घातला होता. शर्टाचं वरचं बटण नव्हतं.' अगं बाई, निरीक्षण पोरीचं करायचंय ना?"

"मुलाच्या वाढीत घरच्या माणसांचाही... वाटा असतो," फुआतिनो म्हणाली.

"बटणाचाही?"

पण दहाव्या आठवड्यात अलापाती बदलला. येई, लोसाला सोडी, डोकं सांभाळा म्हणे, आणि जाई. आत्याने ऑकलंडचं तिकीट पाठवल्याची बातमी गावभर झाली होती. एकदा फुआतिनो केसात जास्वंद खोवत त्याच्यासमोर मुद्दाम थांबली. तो बघत राहिला.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही."

आणि मग रोजच तसं होऊ लागलं. फूल, बघणं, काय, काही नाही. ती रात्री चटईवर पडून स्वतःवरच चिडायची. नापास झाले तर मी जाणार, हे याला माहीत आहे. मग हा बोलत का नाही? आणि पास झाले, तरी हा काही बोललाच नाही तर? रोज सकाळी ही बस येणार, हा उतरणार, काही नाही म्हणणार... त्यापेक्षा चादरी बऱ्या!

तुइलोमाबाई आल्या त्या सकाळी फालेत पाय ठेवायला जागा नव्हती. फुआतिनोने तक्ते टांगले होते, वाळू चाळून ठेवली होती, करवंट्या घासून लख्ख केल्या होत्या. तुइलोमाबाई सत्तरीच्या होत्या, हातात विणलेला पंखा होता. त्यांनी तक्त्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे सगळं मी वीस ठिकाणी पाहिलंय. मुलांना त्यांचं त्यांचं खेळू दे. मी बसते."

फुआतिनोने घाईघाईने करवंट्या मुलांपुढे सरकवल्या. पण मुलांचं त्यांचं त्यांचं म्हणजे एकच खेळ होता. दोन बाकं एकामागे एक ओढली की झाली बस.

लोसा ड्रायव्हर झाली. पाचसहा मुलं एकमेकांच्या मांडीवर बसली. आणि योआने नावाचा गुबगुबीत मुलगा उठला, टीचरचा पंचा कमरेला गुंडाळला, कानामागे फूल खोवलं आणि मान वाकडी करून उभा राहिला. मान अगदी फुआतिनोसारखी.

"छप्पर खाली आहे, टीचर. डोकं सांभाळा," लोसा जाड आवाजात म्हणाली.

"ही ही ही," योआने पंच्याचं टोक पदरासारखं तोंडाशी नेत हसला.

समोरच्या फालेत एक चटई हातातून गळून पडली. फुआतिनोला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण इथली जमीन काळ्या खडकाची, ती काही दुभंगेना. त्यात लोसाचा डबा घेऊन खरा अलापाती खांबाजवळ येऊन उभा राहिला होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

मागच्या मुलांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बस हलेना.

तुइलोमाबाई पुढे झुकल्या. "काय गं ड्रायव्हर, बस का सुटत नाही?"

"थांबा की," लोसा वैतागून म्हणाली. "आधी टीचरने फूल घालायचं. मग मी बघायचं. मग तिने 'काय?' म्हणायचं. मग मी 'काही नाही' म्हणायचं. मग सुटते."

"काही नाही, तर थांबायचं कशाला?"

लोसाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की या एवढ्या म्हाताऱ्या झाल्या आणि यांना कुणी काही शिकवलं कसं नाही! "मामा म्हणतो काही नाही. पण त्याच्या पोटात असतं. टीचरला वाटतं, काहीच नाही. म्हणून ती रागावते."

पंखा थांबला.

"कुणी शिकवलं गं हे तुला?"

"कुणी नाही. रोजच करतात."

तुइलोमाबाईंनी बराच वेळ लिहिलं. समोरच्या बायका मानेच्या शिरा ताणून बघत होत्या. शेवटी त्यांनी पेन मिटलं.

"चार वर्षांचं मूल," त्या म्हणाल्या, "चार गोष्टी क्रमाने सांगतं. एकाच्या मनात एक आहे, तोंडात दुसरं आहे, आणि तिसऱ्याला भलतंच वाटतंय, हे वेगवेगळं ओळखतं. आणि वर न घाबरता परीक्षकबाईला ऐकवतं. हे तक्ते लावून येत नाही, पोरी. जिथे मूल आपल्याला बघतंय आणि त्याला बघू दिलंय, तिथे येतं. निकाल पत्राने कळवतात, पण मला पत्रं लिहायचा कंटाळा. पास."

समोरच्या फालेत टाळ्या झाल्या. मुलांनीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता. फुआतिनोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वळली, तर अलापाती डबा छातीशी धरून तसाच उभा.

"अभिनंदन, टीचर. मला वाटलं तुम्ही जाणार. जाणाऱ्याच्या वाटेत आडवं पडू नये, म्हणून मी..."

"म्हणून काय?"

"म्हणून... म्हणजे..."

बाहेर खऱ्या बसचा हॉर्न वाजला. तो थांबला. घाम पुसला. पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं.

"अडलाय," तुइलोमाबाई पंख्याआडून पुटपुटल्या. "अडलेल्याला काय करायचं, शिकवलंय ना मी?"

शिकवलं होतं. सगळं काम आपण करून टाकायचं नाही. जिथे अडलं तिथे थोडा हात द्यायचा, आणि त्याचं त्याला जमलं की लगेच काढून घ्यायचा. फुआतिनो पुढे झाली. दोरा ओवताना मुलांच्या हातावर ठेवायची, तसा तिने त्याच्या हातावर हात ठेवला. सगळं गाव बघत होतं.

"पहिला शब्द मी देते," ती हळूच म्हणाली. "फुआतिनो, तू..."

"फुआतिनो, तू..." त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. "तू... जेवलीस का?"

चटयांवर हशा पिकला. तिने हसू दाबलं, हात जरासा घट्ट केला. "जवळ आलास. परत एकदा."

त्याने डोळे मिटले. मग उघडले, आणि थेट तिच्याकडे बघून, एकदाही न अडखळता म्हणाला, "फुआतिनो, तू इथेच राहा. शाळेसाठी राहशीलच. पण माझ्यासाठीही राहा. मला तू आवडतेस, आणि उद्या मी आईला घेऊन पाद्रीबाईंकडे येणार आहे."

एवढं मोठं वाक्य त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. आता त्याचं त्याला जमलं होतं.

समोर पाद्रीबाई एकदा खोकल्या. मग दोनदा. तिसऱ्यांदा तर त्या इतक्या जोरात खोकल्या की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला.

फुआतिनोने हात काढला नाही.