टाकीजवळ कोण उभं होतं

कुणाला थाप वाटली तर वाटू दे. हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय.

ताई पाळणाघर चालवते. गल्लीच्या टोकाला एक अर्धवट बांधलेली इमारत, मागे पाण्याची उघडी टाकी. झाकणासाठी ताईनं मालकाचे उंबरे झिजवले. शेवटी गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. ठरलं, मुलं तिथे खेळतात तेवढा वेळ रोज एकीनं टाकीजवळ उभं राहायचं.

आठवडाभर उत्साह टिकला. मग कुणाचं डोकं दुखू लागलं, कुणाकडे पाहुणे.

त्या संध्याकाळी लाइट गेली होती. नंबर शिंपीणबाईंचा. त्या घरातच दिसल्या, तशी ताई धावत सुटली.

मुलं टाकीपासून लांब, भिंतीला टेकून बसलेली.



"तिकडे जायचं नाही म्हणाल्या," एक चिमुरडी बोलली.

"कोण गं?"

"त्या बाई. तुमच्यातलं कुणी आलं नाही की येतात."

टाकीजवळ कुणीच नव्हतं.

काठावर फक्त ओली पावलं... आतून बाहेर आलेली.

ताईनं सगळ्यांना बोलावून सांगितलं. वाटलं, निदान भीतीनं तरी येतील.

"बरं झालं की," शिंपीणबाई म्हणाल्या. "आपली कटकट गेली."

"अहो, ती कोण, कुठली..."

"कुणी का असेना. आपल्यापेक्षा वेळेवर येते."

सगळ्या हसल्या. ताईनं कपाळाला हात लावला. भूत निघालं, तर यांनी त्यालाच कामाला जुंपलं!

दुसऱ्या दिवसापासून एकही फिरकली नाही.

तेव्हापासून ताई एकटीच उभी राहते. रोज. पाय सुजतात, तोंडानं सगळ्यांचा उद्धार चालू असतो, पण हलत नाही.

परवा तीच चिमुरडी जवळ आली.

"मावशी, त्या बाई आता तुमच्या मागे उभ्या असतात."

ताईच्या मानेवर गार वारा...

"काही बोलतात?"

"तुमच्याकडे बघून रडतात. म्हणतात, मीपण अशीच एकटी उभी राहायचे."

ताईनं मागे वळून पाहिलं नाही. मुलांवर नजर ठेवली. शेवटची आई येऊन पोराला घेऊन गेली, तेव्हाच निघाली.

पाठीमागून पावलं वाजत होती. ओली. दारापर्यंत.

आता दिवेलागणीला मी तिला फोन करते. ती उचलते. "उभी आहे गं," एवढंच म्हणते.

काल मात्र हे सांगणारा आवाज... तिचा वाटला नाही.