रत्नागिरीच्या मुलीचे वायपर

"मॅडम, ये आलू क्यूँ घिस रहे हो?"

डिसेंबरची सकाळ, बहरीनमधल्या ईसा टाउनचा रस्ता, घोट्यापर्यंत पाणी. मी गाडी कडेला लावून अर्ध्या चिरलेल्या बटाट्याने पुढची काच चोळत होते. अशा वेळी माणसाने एक तर मदत करावी, नाहीतर नजर वळवून निघून जावं. हा माणूस पिकअपमधून उतरून प्रश्न विचारत होता.

"लोकांना कामधंदे नाहीत," मी बटाट्याला म्हटलं. मराठीत.

"आहे की," तोही मराठीत म्हणाला. "टायरचं दुकान आहे. पुढच्याच वळणावर."

झालं. या बेटावर शिव्या द्यायलासुद्धा सुरक्षित भाषा उरलेली नाही.

"बटाट्याने काच घासली की तिच्यावर पाणी थांबत नाही," मी म्हटलं. "भाईने सांगितलंय. गावी सगळे करतात. मी रत्नागिरीची आहे, पाऊस मला शिकवू नका."

"मी चिपळूणचा," तो शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे गाड्या पुरात तरंगतात, म्हणून शिकवतोय." त्याने वायपर उचलला. रबराची पट्टी भाजलेल्या पापडासारखी तुटून त्याच्या बोटात आली. मग तो माझ्या टायरपाशी उकिडवा बसला. "नक्षी छान आहे. पण हा नंबर बघा, बत्तीस सतरा. सतरा सालचा बत्तिसावा आठवडा. आठ उन्हाळे भाजलाय हा. बाजूला भेगा दिसतात?"

दिसत होत्या. मला त्याचाच जास्त राग आला.

"गावी टायर चार महिने भिजतात," तो म्हणाला. "इथे आठ महिने भाजतात आणि मग एक दिवस भिजतात. त्या एका दिवशी फुटतात."

माझा राग नुसता त्याच्यावर नव्हता. 'बहरीनला कुठली थंडी' म्हणत गाडी न तपासता नोव्हेंबर उलटू देणाऱ्या सगळ्यांवर होता, आणि सर्वांत आधी माझ्या भावावर, कमालभाईवर. चौथ्या खेपेला मी लायसन्सची टेस्ट पास झाले, स्वतःची गाडी घेतली, तेव्हा भाई म्हणाला होता, "ठीक आहे. पण रस्त्यात एकदा बंद पडलीस की खलास. चावी माझ्याकडे." म्हणजे पुन्हा ती कारलिफ्टची, महिन्याच्या भाड्याने सगळ्यांना कामावर सोडणारी व्हॅन... नऊ बायका, एकच उघडणारी खिडकी, आणि अदलियातल्या क्लिनिकमध्ये नोकरीवर मी रोज अर्धा तास उशिरा. गेल्या वर्षभरात माझ्या मालकीचं असं आयुष्यात जे काही झालं होतं, ते त्या चावीला लटकलेलं होतं.

हे मी त्याला का सांगितलं, ठाऊक नाही. पाऊस होता... आणि त्याने मध्येच तोंड घातलं नाही. पुरुषांमध्ये हे दुर्मीळ.

"शुक्रवारी दुकानावर या," तो म्हणाला. "बंद पडू द्यायची नाही. माझं नाव साद."

मी तीन शुक्रवार गेले. टायर एकदाच बदलायचे असतात हे मला समजतं, पण वायपर, बॅटरी, हेडलाइट अशी कामं त्याने एकेका शुक्रवारी काढली. मीही विचारलं नाही.

"धुक्यात कुठला लाइट?"

"मोठा?"

"तो भिंतीवर मारल्यासारखा परत तुमच्याच डोळ्यांत येतो. खालचा लावायचा. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावायचे नाहीत."

"इथे सगळे लावतात!"

"मग इथे कोण कुठे वळतोय ते फक्त अल्लाला कळतं. पाण्यातून बाहेर आलात की?"

"ब्रेक हलके दाबून सुकवायचे. फुटपाथची कड दिसत नसेल तर पाण्यात शिरायचंच नाही." मी उगाच चावी फिरवत राहिले. "झाली ना गाडी तयार?"

"गाडी झाली." त्याने हात पुसले. माझ्याकडे बघितलं — जरा जास्तच वेळ. "तुम्ही झालात? झोप किती? घरातून निघता कधी?"

"साडेसातला."

"सातला निघा. हळू चालवायला वेळ हातात लागतो." मग दुसरीकडे बघत, "मी दुकान सातलाच उघडतो... असंच सांगितलं."

पुढच्या आठवड्यात त्याची मावशी, मसूदाखाला, त्याला सोबत घेऊन मला मागणी घालायला पेढ्यांसह आमच्या घरी आली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. तेवढ्यात भाई खुशीत म्हणाला, "चला, गाडीची कटकट मिटली. आता साद सोडेल हिला."

आणि साद — टायरचा नंबर वाचणारा, चिपळूणचा तो शहाणा — मान डोलावून म्हणाला, "हो भाई. पावसाधुक्यात तर मीच सोडेन."

मी ट्रे ठेवला आणि नाही म्हटलं. अम्मी रडली. खाला पेढे ठेवून गेली, मी त्यातला एकही खाल्ला नाही. तीन शुक्रवार मला शिकवलं, ते कशासाठी? शेजारच्या सीटवर शोभून दिसावं म्हणून?

जानेवारीत धुकं उतरलं. सकाळी सातला खाली आले तर समोरची मशीदसुद्धा गायब. माझ्या गाडीजवळ मात्र एक माणूस उभा होता. पिकअप दिसत नव्हता.

"सोडायला आलात?" मी विचारलं. "धुकं आहे ना!"

"नाही." त्याच्या केसांवर दव साचलं होतं. "माझं चुकलं. भाईंना जे ऐकायचं होतं ते मी बोललो. तुम्हाला काय ऐकायचंय ते विचारलंच नाही."

"मग आता?"

"मला... दुकानापर्यंत सोडाल?"

मी शेजारच्या सीटचं दार उघडलं.

खालचा लाइट, ताशी तीसचा वेग, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. तो मात्र दर वळणाला उजवा पाय पायपुसणीत रोवत होता.

"तिथे ब्रेक नाहीये," मी म्हटलं.

"माहीत आहे... सवय."

"भीती वाटतेय?"

"वाटतेय," तो म्हणाला. "गाडीची नाही. दुकान येईल याची."

माझा राग तिथेच संपायला हवा होता. पण फोन वाजला. भाई. चालवताना मी फोन घेत नाही. सादने घेतला आणि स्पीकर लावला.

"जिकरा, थांब तिथेच! धुकं आहे, मी येतो."

"भाई, साद बोलतोय. ती गाडी चालवतेय. मी बाजूला बसलोय."

खरखरीतून भाईचा आवाज आला.

"बरी चालवते?"

"माझ्यापेक्षा बरी."

मग भाई खाकरला. "पट्टा लावलास ना, साद?"

"लावला. आणि भाई... हिने हो म्हटलंय."

मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर, एका बंद दुकानापुढे नेऊन थांबवली. हँडब्रेक ओढला. त्याच्या हातातून फोन घेतला.

"भाई, मी अजून काहीही म्हटलेलं नाही. यांना मला विचारायचं आहे. दोन मिनिटांनी फोन कर."

फोन ठेवला आणि त्याच्याकडे वळले.

"हं. विचार."

त्याने विचारलं. पट्टा लावलेलाच ठेवून, थोडं अडखळत.

भाईने एका मिनिटातच फोन केला, तेव्हा साद ऐकण्यात गुंतलेला होता. मी हो म्हटलं होतं, आणि ते 'हो' आता सविस्तर सांगत होते.